सुटली म्हणा, बाई

वानखडेबाईंना रागावलेलं मी पुष्कळ वेळा पाहिलं, पण आवाज चढवलेला एकदाही ऐकला नाही. रागावल्या की त्या एकच शब्द बोलायच्या. 'मंग?' एखादी मुलगी सांगायची, बाई, गृहपाठ राहिला. मंग? कंदिलात तेल नव्हतं. मंग? आजीला बरं नव्हतं, मी तिच्यापाशी बसले होते. मंग? असं करत करत मुलीजवळची सगळी कारणं संपायची आणि ती आपणहून रडायला लागायची. तेव्हा बाई पदराच्या गाठीतली लवंग सोडवून दाढेखाली धरायच्या आणि फळ्याकडे वळायच्या. शाळेत त्या शुद्ध बोलायच्या, अगदी पुस्तकातल्यासारखं, पण तो 'मंग' तेवढा आमच्या वऱ्हाडातला होता. तो त्यांनी कधी 'मग' केला नाही.

वर्गात त्या खुर्चीवर बसत नसत. खुर्चीवर त्यांची काळी छत्री बसायची. छत्री बाराही महिने बरोबर असायची, आणि ऊन नाही, पाऊस नाही, अशा थंडीच्या दिवसांतही ती काखेत घेऊनच त्या शाळेत यायच्या. आम्ही मुली आपसात म्हणायचो की बाईंचं लग्न छत्रीशी लागलंय. हे त्यांच्या कानावर गेलं होतं. एकदा मला म्हणाल्या, "छत्री बरी. विचारत नाही कुठं चाललीस म्हणून." त्यांच्या तोंडून ऐकलेली ही एकच थट्टा. त्या कुठल्या, त्यांच्या घरी कोण होतं, त्यांनी लग्न का केलं नाही, यातलं मला काहीही माहीत नाही आणि तेव्हा विचारायची कोणाची छाती नव्हती.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या तालुक्याच्या गावी मुलींची शाळा होती, मॅट्रिकपर्यंतची, आणि मागच्या अंगाला पत्र्याचं वसतिगृह. गावात कापसाचं जिन चालवणाऱ्या एका शेठनी आईच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली होती. खेड्यांतल्या हुशार मुलींना फी नाही, पुस्तकं फुकट, वर्षाला दोन पोशाख आणि वसतिगृहात जेवण. आम्हाला सगळे 'स्कालरवाल्या' म्हणायचे. मी बीबी गावची स्कालरवाली. शिष्यवृत्तीचा सगळा कारभार वानखडेबाईंकडे होता.

हे सगळं फुकट मिळत होतं असं कोणी समजू नये. स्कालरवालीनं पहिल्या बाकावर बसायचं. साठाच्या खाली मार्क आणायचे नाहीत. नखं, वेणी, पोशाख रोज सकाळी दाखवायचा. सख्ख्या बहिणीचं लग्न असलं तरी एकच दिवस सुट्टी, हळदीला नाही. संध्याकाळी एक तास गावातल्या लहान पोरींना वऱ्हांड्यात वाचायला शिकवायचं. आणि शिष्यवृत्तीच्या कमिटीची माणसं आली की ओळीत उभं राहून प्रत्येकीनं सांगायचं, मी पुढं काय होणार. काय होणार हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? आम्ही सगळ्या 'शिक्षिका' म्हणायचो, कारण दुसरी कोणती नोकरी करणारी बाई आम्ही पाहिलीच नव्हती.

मार्कांची बाईंना काळजी नव्हती. आम्ही मरमर मेहनत करायचो. काळजी होती ती वैशाखाची. वैशाख आला की स्कालरवाल्यांची लग्नं निघायची आणि जूनमध्ये निम्म्या बाकांवर कोणी नसायचं. एका वर्षी कमिटीचे अध्यक्ष शाळेत आले, रिकामे बाक पाहिले आणि सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "बाई, आपण पोरी शिकवून राह्यलो, का नवरदेवांसाठी तयार करून राह्यलो?" असंच चाललं तर हा पैसा मुलांच्या शाळेकडे वळवू, हेही जाता जाता सांगून गेले. 

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक क्षुल्लक गोष्ट घडली. वऱ्हांड्यात मी ज्या लहान पोरींना शिकवत होते, त्यातली एक हातात पेरू धरून नुसती बसली होती. खात नव्हती आणि कोणाला देतही नव्हती. मी विचारलं तर रडवेली होऊन म्हणाली, "शांतीनं शपथ घातली ना, खायचा नाही म्हणून." शांती भांडण करून घरी निघून गेली होती. आमच्याकडे ही रीतच आहे. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत शपथ अंगावर राहते. मोठी माणसं हसतील, पण मोठी माणसंही ती पाळतात. त्या पोरीचा पेरू हातात तसाच राहिला. शेवटी मी शांतीला तिच्या घरून बोलावून आणलं, ती कुरकुरत 'सुटली' म्हणाली, तेव्हा कुठं पोरीनं पेरूला तोंड लावलं. बाई खांबाला टेकून हे सगळं पाहत होत्या. हसल्या नाहीत. लवंग चघळत खूप वेळ त्या पोरीकडे बघत राहिल्या.

पुढच्या जूनपासून शाळेत नवीन रीत सुरू झाली. स्कालरवालीच्या बापानं पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी यायचं, सगळ्या शाळेसमोर मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'मॅट्रिक होईपर्यंत मी हिचं लग्न करणार नाही.' पुढचं, म्हणजे केलं तर काय होईल ते, बाईंनी कोणाला म्हणायला लावलं नाही. ते लावायची गरजही नव्हती. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर पोरगी जिवानिशी जाते, हे प्रत्येक बाप जाणून होता. माझे वडील, दादा, हात ठेवताना घामाघूम झाले होते. माझ्या डोक्यावर त्यांचा हात किती जड लागला, हे मला अजून आठवतं.

बाईंचा स्वतःचा शपथेवर काडीचा विश्वास नव्हता. शनिवारी मारुतीला जाणाऱ्या मुलींनाही त्या 'मंग?' विचारायच्या. पण आमच्या बापांचा विश्वास आहे, हे त्यांनी हेरलं होतं. माझं म्हणणं असं की तिथंच सगळी गफलत झाली, पण हे मला आज कळतं. तेव्हा आम्हाला बाईंचा अभिमान वाटायचा. आणि खोटं कशाला बोलू, रीत लागू पडली. त्या वैशाखात एकही स्कालरवाली गेली नाही.

शपथ घ्यायला एकच माणूस नाही म्हणाला. साखरखेर्ड्याचे रहीमचाचा, शिलाईचं काम करायचे. त्यांची जैबुन माझ्याच वर्गात. चाचा पुढं आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाई, पोरीच्या सिरवर हात ठेवून कसम आमी नाही खात. गुनाह हाये. मी जबान देतो."

"जबान पुरते का?" बाईंनी विचारलं.

चाचांना प्रश्नच कळला नाही. "पुरते का म्हंजे? देली ना जबान."

बाई म्हणाल्या, "बरं. पुढचे या." त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, ही एक गेलीच. जैबुन गेली नाही. मॅट्रिक झाली, पुढं ट्रेनिंगही केलं तिनं.

आता गिरजेचं सांगते. सुलतानपूरची गिरजा माझ्या शेजारी बसायची. अंगानं लुकडी, पण हसली की सगळा वर्ग हसायचा. गणित करताना ती एका पायावर उभी राहायची, दुसरा पाय पोटरीवर टेकवून, आणि तसंच उभ्या उभ्या उत्तर काढायची. बाईंनी तिला कधी बस म्हटलं नाही. दुसऱ्या कोणाचं हे त्यांनी चालवून घेतलं नसतं. बाईंचा जीव होता तिच्यावर, आणि तो आम्हा सगळ्यांना दिसायचा. कमिटीपुढं ओळीत उभं राहून सगळ्या 'शिक्षिका' म्हणाल्या, तर ही म्हणाली, "वानखडेबाई." अध्यक्ष खो खो हसले. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तिचा बाप नामदेव शपथेला आला तेव्हा हात ठेवायलाच लाजत होता. रात्री वसतिगृहात गिरजा मला म्हणाली, "आप्पाचा हात पयल्यांदाच लागला माह्या डोक्शाले. कसा गरम व्हता ना." त्या शपथेत तिला एवढंच दिसलं होतं. आम्हा सगळ्यांना धाक वाटला आणि हिला लाड वाटले.

आम्ही दहावीत असताना दिवाळीच्या आसपास गिरजेची आई वारली. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. गिरजा तेराव्यानंतर परत आली, पहिल्या बाकावर बसली आणि पुन्हा एका पायावर उभी राहून गणितं करायला लागली. पण तिकडं सुलतानपूरला भावकी बसली. घरात असं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची चाल. तीन वर्षांनी पोरगी केवढी होईल आणि मग तिला कोण करून घेईल, असा त्यांचा हिशोब. चांगलं स्थळ आलेलं होतं. पाहुणे थांबायला तयार नव्हते. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा अकरावीला असायची, म्हणजे तिला अजून वर्षाहून जास्त अवकाश होता.

माघात नामदेव शाळेत आला. संध्याकाळची वेळ, मी वऱ्हांड्यात पोरींना शिकवत होते आणि बाई पायरीवर उभ्या होत्या. नामदेव खाली अंगणात उभा राहिला, चप्पल बाजूला काढून. सगळं सांगितलं त्यानं. बायको गेली, घरात भाकर टाकायले कोणी नाही, भाऊबंद ऐकून नाही राह्यले, वर्षाच्या आत उरकलं नाही तं पोरगी तशीच राहीन. बाई मध्ये मध्ये 'मंग?' म्हणत होत्या. त्याची कारणं संपली, पण तो रडला नाही. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी एकडाव सुटली म्हणा. तुमीच घातली, तुमालेच सोडता येते. तुमी म्हटलं म्हंजे माह्या जिवाले घोर नाही."

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या.

"काऊन, बाई?"

"कारण मी म्हटलं की तुम्ही उद्या लग्न कराल. नाही म्हटलं तर करणार नाही. गिरजा मॅट्रिकला पहिली येणार आहे, नामदेवराव. तुमच्या घरात भाकरी टाकायला मी बाई बघून देते. शिष्यवृत्तीत बसत नसलं तरी देते."

त्यानं जोडलेले हात सोडले. मग चप्पल पायात घालून गेला. बाई मला म्हणाल्या, "बघ, नाही करायचा तो." आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं होतं. मलाही वाटलं.

पण भावकीचं बळ बाईंच्या शपथेहून मोठं निघालं. वैशाखात नामदेव गिरजेला न्यायला आला तेव्हा बाई शाळेत नव्हत्या, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच कुठल्या तरी शिबिराला गेल्या होत्या. कोणी म्हाताऱ्यानं उपाय सांगितला होता. पोरीवरून नारळ ओवाळायचा आणि वाहत्या पाण्यात सोडायचा, म्हणजे शपथ त्याच्याबरोबर जाते. वैशाखात आमच्याकडे वाहतं पाणी कुठलं? वसतिगृहाच्या अंगणातच गिरजेवरून ओवाळला आणि नंतर विहिरीत सोडला म्हणे. गिरजेनं पेटी भरली. तिची गणिताची वही तिनं मला दिली. रडत नव्हती. फाटकापाशी गेल्यावर म्हणाली, "बाईनं सुटली नाही म्हटलं ना वं." मी म्हटलं, नारळ ओवाळला ना आता, झालं. ती म्हणाली, "हाव." पण तिचा हात डोक्याकडे गेला, आणि मी समजले की हिच्या मनातून ते गेलेलं नाही.

जूनमध्ये बाईंनी हजेरी घेतली. गिरजेचं नाव आलं तेव्हा थांबल्या नाहीत, पुढचं नाव घेतलं. तासभर चांगलं शिकवलं. जाताना छत्री खुर्चीवरच विसरल्या, मी धावत नेऊन दिली.

पावसाळ्याच्या शेवटी शेवटी नामदेव दुसऱ्यांदा आला. या वेळी चप्पल काढायचं भान त्याला नव्हतं. गिरजेला तापात सासरहून माहेरी आणली होती. बरेच दिवस झाले, ताप उतरत नव्हता.

"डॉक्टरकडे नेलं का?" बाईंनी विचारलं.

"नेलं ना. सुई देली, गोया देल्या. गोई घेतच नाही ते. म्हणते, काऊन घेऊ, बाईनं सुटली म्हटलंच नाही. डोक्शावर जड वाटते म्हणते. रात्रंदिवस हात डोक्शावरच ठेवते, बाई." तो खाली बसला. "चला तुमी. तिले म्हणा तेवढं. नाही तं येथूनच म्हणा, मी सांगतो जाऊन."

दुसऱ्या दिवशी शाळेत कमिटी यायची होती. वऱ्हांडा सारवून ठेवला होता, दोरीवर आमचे पोशाख वाळत होते. पण बाई कमिटीमुळे थांबल्या असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. त्यांना दुसरंच काही आडवं आलं.

"नामदेवराव," त्या म्हणाल्या, "मी सुटली म्हटलं तर तिच्या डोक्यावर काही होतं, हे मी कबूल केलं असं होईल. तिच्या डोक्यावर काही नाही. ताप आहे. तापाला औषध लागतं. गोळी घे म्हणावं. बाई म्हणाल्या, डोक्यावर काही नाही, गोळी घे. मी रविवारी येते आणि स्वतः समजावते तिला."

"तुमी म्हटलं तं ते गोई घेईन ना बाई."

"खोटं सांगून घ्यायला लावू?"

नामदेवनं वर पाहिलं. "मंग तवा काऊन हात ठेवाले लावला?" हे तो भांडून बोलला नाही. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. बाईंनी कागद काढला. गावातल्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली, मुलीला इथं दवाखान्यात आणा म्हणून, आणि त्याच्या हातात दिली. तो चिठ्ठी घेऊन गेला. वऱ्हांड्यातल्या पोरी पाटीवर 'क' गिरवत होत्या. मला वाटलं, ओरडून सांगावं, बाई, म्हणा ना. पण मी दहावी पास झालेली मुलगी होते आणि त्या वानखडेबाई होत्या.

शुक्रवारी गिरजा गेली. कमिटीची मंडळी त्या वेळी शाळेत चहा घेत होती.

शनिवारी बाई सुलतानपूरला गेल्या, मला आणि जैबुनला बरोबर घेऊन. नामदेव ओट्यावर बसून सुतळी वळत होता. माणसं उठून बाजूला झाली. कोणी बाईंना बसा म्हटलं नाही, आणि त्या बसणारही नव्हत्या. ओट्यापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "नामदेवराव, माझं चुकलं."

तो सुतळी वळतच राहिला. वर न पाहता म्हणाला, "मंग?"

 बाईंनी पदराची गाठ सोडून लवंग काढली, तोंडापर्यंत नेली आणि तशीच मुठीत ठेवली. एस.टी. येईपर्यंत आम्ही तिघी रस्त्यावर उभ्या होतो. आभाळ दाटून आलं होतं, थोडा पाऊसही आला. बाईंनी छत्री आम्हा दोघींवर धरली आणि स्वतः भिजल्या.

पुढच्या जूनमध्ये बाप आले, पण बाईंनी कोणाला मुलीच्या डोक्यावर हात ठेवू दिला नाही. नुसती जबान द्या, म्हणाल्या. बापांनी खुशाल जबान दिली. रहीमचाचांसारखी पाळणारे त्यातले थोडे. वैशाखात पुन्हा बाक रिकामे झाले आणि काही वर्षांनी कमिटीनं बोलून दाखवलं होतं ते केलं. शेठच्या आईच्या नावाचा पैसा मुलांच्या शाळेकडे गेला, तिथं प्रयोगशाळा झाली. वसतिगृहाच्या पत्र्याखाली लाकडं ठेवायला लागले. म्हणजे शपथ होती तेव्हा पोरी शिकत होत्या, आणि शपथ गेली तशा पोरीही गेल्या. हा हिशोब मी कितीदा तरी मांडून पाहिला. मला तो सोडवता आलेला नाही. गिरजेनं एका पायावर उभं राहून सोडवला असता की काय, कोण जाणे.

मी बीबीलाच शिक्षिका झाले. केस पांढरे व्हायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारी वर्गाच्या दारात कोणी उभं राहिलेलं दिसलं. काखेत काळी छत्री. बाई निम्म्या झाल्या होत्या, पण ताठ. मी खुर्ची पुढं केली, त्या बसल्या नाहीत. पाया पडायला वाकले तर माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, चांगला दाबून, आणि म्हणाल्या, "सुटली."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. नोकरी सुटल्यापासून त्या हेच करत होत्या. ज्यांच्या ज्यांच्या बापाला हात ठेवायला लावला होता, त्या एकेकीचं सासर शोधून काढायचं, एस.टी.नं जायचं, डोक्यावर हात ठेवून तेवढा शब्द म्हणायचा आणि परत यायचं. लोक काय म्हणत असतील ते म्हणोत. एका घरी सासूनं करणी करायला आली म्हणून हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठून त्या मुलीला 'सुटली' म्हणून आल्याच.

"जैबुनकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे सोडवायला काही नव्हतं. चहा घेतला आणि आले."

माझे दादा शपथ पुरी पाळून, मला मॅट्रिक करून, केव्हाच गेले होते. माझ्या डोक्यावर काही उरलेलं नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं नाही. मान खाली घालून उभी राहिले, आणि पोरांसमोर रडले, लाज वाटली नाही.

त्यांना पोचवायला मी त्यांच्याबरोबर एस.टी.त चढले. तालुक्याला मला काम होतं. नसतं तरी मी गेले असते. कंडक्टर आला तेव्हा बाईंनी सुलतानपूरचं तिकीट मागितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"येताना लागलंच होतं," त्या म्हणाल्या. "उतरले नाही. आता उतरते. नामदेव आहे अजून. त्याला तरी म्हणते."

 बाहेर ज्वारी उभी होती, मध्ये मध्ये कपाशी. बाई दोन्ही हातांनी छत्रीची मूठ धरून बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच इतका वेळ बसलेलं पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, तो एकच शब्द त्या घोकत होत्या, परीक्षेला निघालेल्या मुलीसारख्या.

सुलतानपूर आलं. गाडी थांबली, माणसं उतरली, माणसं चढली. बाईंनी छत्री काखेत घेतली. मी त्यांना वाट द्यायला उठून उभी राहिले. त्या खिडकीतून नामदेवच्या घराकडे जाणाऱ्या बोळाकडे पाहत राहिल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

कंडक्टर मागून म्हणाला, "बाई, सुलतानपूर आलं ना. उतरता नं?"

मी म्हटलं, "चला बाई, मी येते बरोबर."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कंडक्टर थोडा थांबला, मग त्यानं घंटी ओढली. गाव मागं गेल्यावर बाईंनी पदराची गाठ सोडली, पैसे काढले आणि त्याला म्हणाल्या, "मले पुढचं तिकीट द्या."